राष्ट्रभक्ती आणि साम्राज्यतृष्णा : इटलीच्या इतिहासावरून काही विचार

आमच्या समाजात इतिहासाचा विषय निघाला की दोन मते हटकून ऐकावयास मिळतात. वडीलधारी मंडळी इंग्रजी अमदानीची आठवण काढतात. त्या काळी रेल्वेत, पोस्टात, इस्पितळांत, पलटणींत आपल्या माणसांना मान होता, कारभारात शिस्त होती, आणि राष्ट्रवादाची चळवळ आली तेव्हापासून सर्वत्र भांडणे सुरू झाली, असे त्यांचे म्हणणे. याउलट येथे वाढलेली व विद्यापीठात शिकलेली आपली मुले सांगतात, की राष्ट्रवाद आणि साम्राज्यवाद ही एकाच झाडाची फळे होत. पहिले हिरवे असते, दुसरे पिकलेले, इतकाच काय तो फरक. एका मताने राष्ट्रवाद हा साम्राज्याने राखलेल्या शांततेचा शत्रू ठरतो, तर दुसऱ्या मताने तो साम्राज्याचा बाप ठरतो. दोन्ही पक्ष आपल्याच घरांतले असल्यामुळे या वादात कोणी कोणाचे ऐकत नाही, आणि शब्बाथचे जेवण थंड होते.

आम्हांस ही दोन्ही मते मान्य नाहीत. परंतु नुसत्या व्याख्यांचा कीस काढून हा प्रश्न सुटणारा नव्हे. राष्ट्र म्हणजे काय, साम्राज्य म्हणजे काय, यावर पंडितांनी ग्रंथांच्या राशी रचल्या आहेत. त्यांत आणखी एका लेखाची भर घालण्याची आमची इच्छा नाही. एखादा देश घ्यावा, त्याने स्वातंत्र्यासाठी लढा कसा दिला आणि पुढे इतरांच्या स्वातंत्र्यावर घाला कसा घातला, ते सालवार पाहावे, आणि ही दोन टोके कोणत्या गाठीने जोडली गेली ते शोधावे, ही रीत आम्हांस अधिक बरी वाटते. त्यासाठी आम्ही इटली हा देश निवडला आहे. इंग्लंड किंवा फ्रान्स का नव्हे, असे कोणी विचारील. कारण असे, की इटलीशी आपला संबंध तीन बाजूंनी येतो : महाराष्ट्राने राष्ट्रवादाचे धडे एके काळी इटलीपासून घेतले, इटलीतील आपले धर्मबांधव त्या देशाच्या उत्कर्षात व अधःपातात दोन्हींत सापडले, आणि आज या देशात ज्यांच्या शेजारी आपण राहतो ते ट्रिपोलीचे आणि गोंदरचे यहुदी, हे त्याच इटलीच्या साम्राज्याखालून आलेले लोक आहेत.

जोसेफ मॅझिनी हे नाव आमच्या आजोबांच्या पिढीला परके नव्हते. विनायक दामोदर सावरकर लंडनमध्ये असताना त्यांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा व राजकीय लेखनाचा मराठी अनुवाद केला. तो १९०७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याला जोडलेल्या प्रस्तावनेमुळे सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. लाला लजपतराय यांनी त्याच्याही आधी उर्दूत मॅझिनीचे चरित्र लिहिले होते. महात्मा गांधींनी १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण इटली आणि हिंदुस्थान यांच्या तुलनेस दिले. त्यांनी तेथे जो मुद्दा मांडला तो इतरांहून निराळा आहे : ऑस्ट्रियन गेले व इटालियन राजा आला एवढ्याने इटलीची सामान्य प्रजा स्वतंत्र झाली काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो त्या वेळी अनेकांना विक्षिप्त वाटला असावा. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास पाहता तो विक्षिप्त नव्हता, असेच म्हणावे लागेल.

मॅझिनीने १८३१ साली 'तरुण इटली' ही संघटना काढली. त्या वेळी इटली हा देश नकाशावर नव्हताच. सात-आठ संस्थाने, त्यांत ऑस्ट्रियाचा अंमल, मध्ये पोपचे राज्य. मॅझिनीची शिकवण अशी, की ईश्वराने मानवजातीची वाटणी राष्ट्रांत केली ती कामाच्या वाटणीसारखी. प्रत्येक राष्ट्राने आपले काम करावयाचे ते साऱ्या मानवजातीसाठी. मनुष्याची कर्तव्ये सांगताना त्याने कुटुंब आणि देश यांच्याही आधी मानवजातीचे नाव घेतले. अशा राष्ट्रवादात यहुद्यांना जागा होती, आणि ती नुसती पुस्तकात नव्हती. पिएमाँतच्या राजाने १८४८ साली यहुद्यांना नागरिकत्वाचे हक्क दिले. १८७० साली इटालियन सैन्य रोममध्ये शिरले आणि तेथील घेट्टोतील निर्बंध संपले. मॅझिनीला लंडनच्या हद्दपारीत ज्या घराने आधार दिला ते नेथन हे यहुदी कुटुंब. १८७२ च्या मार्च महिन्यात पिसा शहरी, ब्राउन असे इंग्रजी नाव धारण करून लपून राहिलेला मॅझिनी मरण पावला, तोही नेथन कुटुंबाच्या सोयऱ्यांच्या, म्हणजे रोझेल्ली यांच्या, घरी. हे रोझेल्ली नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच नेथन कुटुंबातील एर्नेस्टो नेथन हे १९०७ पासून १९१३ पर्यंत रोम शहराचे महापौर होते, आणि लुइजी लुझ्झाती हे यहुदी गृहस्थ १९१० साली इटलीचे पंतप्रधान झाले. ज्या शहरात चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत यहुद्यांना घेट्टोत राहावे लागत होते त्या शहराचा महापौर यहुदी, याचे मोल इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको. मोझेस हेस याने १८६२ साली 'रोम आणि जेरुसलेम' हे पुस्तक लिहून यहुदी राष्ट्राच्या पुनरुत्थानाची कल्पना मांडली, तिलाही इटलीच्या एकीकरणाचेच उदाहरण समोर होते. म्हणजे टिळकांच्या महाराष्ट्राने आणि झायोनच्या पहिल्या स्वप्नकारांनी एकाच विहिरीचे पाणी प्यायले होते.

मग हे पाणी नासले कोठे? आमच्या मते त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडते. फ्रान्चेस्को क्रिस्पी हा सिसिलीचा वकील. तरुणपणी तो मॅझिनीचा अनुयायी होता. १८६० साली गॅरिबाल्डी आपल्या एक हजार स्वयंसेवकांसह सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरला, त्या मोहिमेच्या आखणीत क्रिस्पीचा मोठा वाटा होता. त्याची पत्नी रोझाली ही त्या हजारांतील एकुलती एक स्त्री होती. हद्दपारी, तुरुंग, कट, बंड, सारे त्याने भोगले. पुढे राजसत्ता की प्रजासत्ताक या प्रश्नावर त्याचे मॅझिनीशी बिनसले व तो राजाच्या पक्षाला मिळाला. १८८७ साली तो पंतप्रधान झाला, आणि याच क्रिस्पीने इटलीला आफ्रिकेच्या युद्धात लोटले.

तो मनाने दुष्ट झाला होता असे मानणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. त्याचा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. आम्ही उशिरा जागे झालो. जगाची वाटणी आमच्यावाचून झाली. १८८१ साली फ्रान्सने ट्युनिस घेतले, वास्तविक तेथे इटालियन वस्ती फ्रेंचांहून अधिक होती. तेव्हा आम्ही हात जोडून बसलो तर आमच्या हुतात्म्यांनी रक्त सांडले ते कशासाठी? पारतंत्र्यात सोसलेल्या अपमानाची भरपाई स्वातंत्र्याने होत नाही असे त्यास वाटू लागले. ती भरपाई दुसऱ्या कोणावर तरी सत्ता गाजविण्यानेच होणार होती. आणि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे बी क्रिस्पीने बाहेरून आणले नव्हते. खुद्द मॅझिनीने, मृत्यूच्या एक वर्ष आधी, १८७१ साली लिहिलेल्या एका लेखात इटलीने उत्तर आफ्रिकेकडे पाहावे असे सुचविले होते, आणि त्यासाठी प्राचीन रोमची साक्ष काढली होती. रोमचे नाव हे इटलीच्या राष्ट्रवादाचे भूषण होते आणि तेच त्याचे व्यसनही ठरले. ज्या राष्ट्राच्या स्मृतीत एखादे साम्राज्य असते त्याला स्वातंत्र्य मिळाल्यावर थांबावे कोठे हे उमगत नाही.

तांबड्या समुद्रावरील असाब हे बंदर इटलीच्या सरकारने १८८२ साली ताब्यात घेतले, १८८५ साली मसावा घेतले. १८८९ च्या मे महिन्यात अबिसिनियाचा राजा मेनेलिक याच्याशी उचाली येथे तह झाला. हा तह मासलेवाईक आहे. त्याच्या सतराव्या कलमाचा अम्हारी मसुदा असे म्हणतो, की इतर राज्यांशी व्यवहार करताना अबिसिनियाच्या राजास इटलीचे साहाय्य घेता येईल. इटालियन मसुद्याचा अर्थ असा होतो, की त्याने ते घेतलेच पाहिजे. एका क्रियापदात एक देश गिळंकृत झाला. मेनेलिकच्या हे ध्यानात येताच त्याने तह झुगारून दिला, आणि १ मार्च १८९६ रोजी अडोवाच्या डोंगरात इटलीच्या फौजेचा असा पराभव झाला, की क्रिस्पीला राजीनामा द्यावा लागला. युरोपच्या एका राष्ट्राचा आफ्रिकेच्या राजाने उघड्या रणांगणात पाडाव केला, ही वार्ता जगभर पसरली. तरीही एरिट्रिया इटलीकडेच राहिला. मेनेलिकलाही आम्ही संत ठरवीत नाही. त्याच सुमारास तो स्वतः दक्षिणेकडील जमातींचे मुलूख जिंकून आपले राज्य वाढवीत होता.

दुसरा टप्पा लिबियाचा. १९१० साली इटलीत राष्ट्रवाद्यांची एक नवी संघटना स्थापन झाली, आणि तिच्या पुढाऱ्यांनी एक मोठी चतुर कल्पना काढली : इटली हे मजूर राष्ट्र आहे, श्रीमंत राष्ट्रांनी त्याला नाडले आहे, तेव्हा त्याचे युद्ध म्हणजे गरिबाने श्रीमंताविरुद्ध केलेला लढाच होय. आमची माणसे परक्यांच्या देशांत खाणी खणतात, रस्ते झाडतात, त्यांना स्वतःची जमीन नको काय, असा त्यांचा सवाल होता. पास्कोलीसारखा हळवा कवीसुद्धा या विचाराने भारून गेला. स्थलांतराचे दुःख आपल्या वाचकांना कोणी समजावून सांगावयास नको. परंतु हिशेब पाहावा. १८७६ ते १९१५ या काळात सव्वा कोटीहून अधिक इटालियन देश सोडून गेले. ते न्यूयॉर्कला गेले, ब्वेनोस आयरेसला गेले, फ्रान्सला गेले. ट्रिपोली १९११ साली घेतली, आणि तेथे पुढील तीस वर्षांत, सरकारने प्रवासखर्च, घर व जमीन देऊन नेले तरी, वस्ती झाली ती लाखा-सव्वा लाखाची. गरीब सिसिलियन शेतकऱ्याचे नाव पुढे करून हे युद्ध झाले, पण त्या शेतकऱ्याने आपला मार्ग आधीच निवडला होता. त्याला साम्राज्य नको होते. त्याला काम हवे होते.

ज्यांची भूमी होती त्यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. विमानातून बॉम्ब टाकण्याचा प्रकार जगात प्रथम झाला तो याच लिबियाच्या युद्धात, १ नोव्हेंबर १९११ रोजी. पूर्व लिबियातील टोळ्या वीस वर्षे लढत राहिल्या. १९३० नंतर मुसोलिनीच्या सेनापतींनी सुमारे एक लाख माणसे, बायकामुले व गुरेढोरे यांसह, वाळवंटातील तारेच्या कुंपणात कोंडली. त्यांतील हजारो तेथेच मेली. सत्तरी ओलांडलेला त्यांचा नेता उमर मुख्तार यास १६ सप्टेंबर १९३१ रोजी त्याच्याच लोकांसमोर फाशी देण्यात आले. कुंपणात कोंडलेल्या माणसांची ही चित्रे युरोपने त्या वेळी पाहिली नाहीत, किंवा पाहून मान वळवली. दहा-बारा वर्षांनी ती युरोपातच दिसू लागली.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने अबिसिनियावर पुन्हा स्वारी केली. अडोवाचा सूड ही त्या युद्धाची घोषणा होती. राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध लादले, तेव्हा देशाची अब्रू राखण्यासाठी स्त्रियांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या द्याव्यात असा पुकारा झाला. १८ डिसेंबर १९३५ रोजी रोममधील अज्ञात सैनिकाच्या स्मारकापाशी राणी एलेनाने प्रथम आपली अंगठी दिली, आणि तिच्या मागोमाग देशभर स्त्रियांनी दिल्या. यहुदी स्त्रियांनीही दिल्या. यांत जुलूम नव्हता असे नाही, पण बहुतेकींनी भक्तिभावाने दिल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या राष्ट्राने घेट्टोची दारे उघडली त्याच्यासाठी सोने देताना हात का आखडावा? त्या सोन्याच्या पैशाने मस्टर्ड वायू विकत घेतला गेला की बूट, हे कोण सांगू शकेल. विमानांतून तो विषारी वायू हबशी सैनिकांवर आणि खेड्यांवर फवारला गेला, एवढे मात्र निश्चित आहे. १९३६ च्या मे महिन्यात अदिस अबाबा पडले, मुसोलिनीने साम्राज्याची घोषणा केली, आणि परागंदा झालेला सम्राट हैले सेलासी हैफा बंदरात उतरून जेरुसलेमला आला. जूनअखेर त्याने जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे भाषण केले. कोणी काही केले नाही. पुढील फेब्रुवारीत व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर अदिस अबाबात बॉम्ब फेकला गेला, त्याचा सूड म्हणून तीन दिवस शहरात जी कत्तल झाली तीत हजारो माणसे मेली.

आता आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. एप्रिल १९३७ मध्ये इटलीच्या सरकारने एक कायदा केला : आफ्रिकेतील प्रजाजन स्त्रीबरोबर वैवाहिक स्वरूपाचे संबंध ठेवणाऱ्या इटालियन नागरिकास शिक्षा होईल. वंशशुद्धीचा हा इटलीतील पहिला मोठा कायदा, आणि तो वसाहतीसाठी झाला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १९३८ च्या सप्टेंबरात, यहुदी मुलांना व शिक्षकांना शाळांतून काढण्याचा हुकूम निघाला. नोव्हेंबरात यहुद्यांना 'आर्य' इटालियनांशी विवाह करण्यास बंदी झाली, सरकारी नोकऱ्या व सैन्य यांतून त्यांना काढले गेले. हे सारे हिटलरच्या दडपणाखाली झाले असे पुष्कळ वर्षे सांगितले जात असे. जर्मनीच्या मैत्रीचा परिणाम नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण कायद्याची भाषा, रक्ताची मोजदाद, विवाहावरील पहारा, ही सर्व अवजारे आफ्रिकेत आधीच घडवून तयार होती. साम्राज्य चालवायचे तर माणसामाणसांत उच्चनीचतेची उतरंड लावावी लागते, आणि ती एकदा लावली की ती समुद्राच्या पलीकडे राहत नाही. मॅझिनीच्या राष्ट्रात जो कर्तव्य करील तो नागरिक होता. साम्राज्याच्या राष्ट्रात नागरिक कोण हे रक्तावरून ठरू लागले, आणि तेव्हा इटलीतील चाळीस-पन्नास हजार यहुदी आपोआप बाहेर पडले.

दोन कुटुंबांची हकीकत येथे सांगतो. तुरीन शहरातील एत्तोरे ओव्हाझ्झा हा यहुदी बँकर फासिस्ट पक्षाचा निष्ठावान सभासद होता. यहुदी हे सर्वांहून कडवे देशभक्त आहेत हे दाखविण्यासाठी त्याने एक वर्तमानपत्रही चालविले. १९४३ च्या ऑक्टोबरात त्याला, त्याच्या पत्नीला व मुलांना जर्मन एस. एस. सैनिकांनी ठार केले. दुसरे कुटुंब रोझेल्ली यांचे, ज्यांच्या घरी मॅझिनीने प्राण सोडला होता. त्या घराण्यातील कार्लो आणि नेल्लो हे भाऊ फासिस्ट सत्तेविरुद्ध उभे राहिले; नेल्लो इतिहासकार होता व त्याचा पहिला ग्रंथ मॅझिनीवरच आहे. १९३७ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मारेकऱ्यांनी त्या दोघांनाही ठार केले. दोन्ही कुटुंबे स्वतःला इटलीची देशभक्त म्हणवीत होती. कोणाचा राष्ट्रवाद खरा होता, याचा निर्णय वाचकांनी करावा. आमचा झालेला आहे.

१९३५ सालच्या अंगठ्यांनंतर रोमच्या यहुद्यांकडे सोने आणखी एकदा मागितले गेले. २६ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन अधिकाऱ्याने छत्तीस तासांत पन्नास किलो सोने आणून देण्याचा हुकूम केला. ते जमवून दिले गेले. काही ख्रिस्ती शेजाऱ्यांनीही त्यात भर घातली. १६ ऑक्टोबरला पहाटे धरपकड झाली, हजाराहून अधिक माणसे आउश्वित्झला पाठविण्यात आली, आणि त्यांतली सोळा परत आली.

लिबियाच्या यहुद्यांनाही या कायद्यांनी सोडले नाही. १९४२ साली पूर्व लिबियातील अडीच हजारांवर यहुद्यांना ट्रिपोलीच्या दक्षिणेस जादू नावाच्या छावणीत डांबले गेले; भूक व टायफस यांनी त्यांतील ५६२ जणांचा बळी घेतला. नंतर ब्रिटिश लष्करी अंमल आला, आणि त्या अंमलाखाली, १९४५ च्या नोव्हेंबरात, ट्रिपोलीच्या दंगलीत शंभराहून अधिक यहुदी मारले गेले. इटलीच्या साम्राज्याने दुखावलेल्या अरबांचा रोष ज्यांच्यावर कोसळला तेही त्याच साम्राज्याने छळलेले होते. १९४९ ते १९५१ या काळात तीस हजारांहून अधिक लिबियन यहुदी या देशात आले. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्याच सुमारास किंवा थोडी नंतर आली. गोंदरकडील बांधव यावयास १९८४ आणि १९९१ साल उजाडावे लागले.

या हकीकतीत महाराष्ट्राचा एक धागा अजून उरला आहे. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातील केरेन येथे इटालियन फौजेचा डोंगरी मोर्चा फोडणाऱ्या हिंदी सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. त्या विजयानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ मे १९४१ रोजी, हैले सेलासी अदिस अबाबास परतला. म्हणजे एका साम्राज्याच्या तावडीतून सुटलेला पहिला देश मुक्त केला तो दुसऱ्या साम्राज्याच्या फौजेने, आणि त्या फौजेतील सातारा-कोल्हापूरचे, कोकणचे शिपाई स्वतः परतंत्र होते. पुढे त्याच पलटणी इटलीत उतरल्या. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने शत्रू लोळविला, आणि तेथेच ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे हे माणगाव तालुक्यातील पळसगावचे, म्हणजे आपल्याच कुलाबा जिल्ह्याचे, रोह्या-म्हसळ्याच्या शेजारचे. ते मॅझिनीच्या भूमीत मॅझिनीचे शत्रू असलेल्यांशी लढत मेले. त्यांच्या मृत्यूच्या दोनच महिने आधीपर्यंत महात्मा गांधी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्याच ब्रिटिश सरकारचे कैदी होते.

या प्रसंगापुढे आमच्या वडीलधाऱ्यांचे मतही लंगडे पडते आणि मुलांचेही. इंग्रजी साम्राज्याच्या फौजेने फासिस्टांचा पाडाव केला, हे सत्य आहे. आमच्या ज्ञातीने त्या फौजेची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या केली, हेही सत्य आहे. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपली जुनी मशीद बांधली ती कंपनीच्या पलटणीतील नोकरीच्या जोरावर, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई फौजेत आपले सुभेदार व सुभेदार-मेजर अनेक होते. त्याचा अभिमान कोणी टाकावा असे आम्ही म्हणत नाही. मात्र इंग्रजाने आम्हांला सुरक्षितता दिली हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कोकणच्या गावोगावी शनवार तेली या नावाने घाणा फिरवीत आपण निर्धास्त राहिलो ते इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी. आंग्र्यांच्या, सिद्दींच्या, पेशव्यांच्या मुलखात शनिवारी घाणा बंद असतो म्हणून कोणी आपले दार फोडले नाही. ते शेजारधर्माचे देणे होते. कलकत्त्याहून किंवा लंडनहून आलेले नव्हते. आपल्यातले काहीजण हे ओळखून होते. टिळकांच्या बचावात भाग घेणारे बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर आणि गांधीजींच्या प्रकृतीची काळजी घेणारे डॉ. अब्राहम एरुलकर हे आपल्याच ज्ञातीचे.

मुलांना आमचे सांगणे निराळे आहे. राष्ट्रवाद जन्मतःच साम्राज्यवादी असेल तर रोझेल्ली बंधूंना काय म्हणावे? मेनेलिकच्या मागे अडोवाला जमलेल्या शेतकऱ्यांना काय म्हणावे? ज्या यहुद्यांना जगात कोठेही आपले म्हणावे असे दार राहिले नव्हते त्यांनी स्वतःचे राष्ट्र मागितले, त्यांना क्रिस्पीच्या पंक्तीला बसविणे आम्हांस मान्य नाही. त्याचबरोबर, क्रिस्पीही एके काळी हद्दपार, परागंदा आणि पीडित होता, हे विसरणेही आम्हांस मान्य नाही. पूर्वी सोसले म्हणून पुढचे सर्व माफ, असा परवाना त्याने स्वतःला दिला होता. १९६७ पासून या देशात सीमांविषयी आणि आपल्या सत्तेखाली राहणाऱ्या दुसऱ्या लोकांविषयी जो वाद चालू आहे त्यात आमच्या वाचकांची घरे दोन्ही बाजूंना आहेत. तो वाद आम्ही या पानावर मिटविणार नाही. तो करताना हातात गज कोणता घ्यावा एवढेच आम्ही सुचवितो. दुसऱ्याची भूमी हवी असे म्हणताना कारण कोणते दिले जाते, संरक्षणाचे की गतवैभवाचे, हे पाहावे. कायदा माणसाचे वर्तन पाहतो की त्याचे कूळ, हे पाहावे. आपल्या ज्ञातीला ही दुसरी गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. १९६२ ते १९६४ या काळात याच देशात आपल्या विवाहांच्या निमित्ताने आपले कूळ तपासण्याचा प्रकार झाला. आपण जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलो, आणि १९६४ च्या ऑगस्टात केनेसेटने ठराव करून बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे सांगितले. त्या वेळी आपण जे मागितले ते राष्ट्राविरुद्ध मागितले नव्हते, राष्ट्राच्या नावाने मागितले होते.

मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ साली अक्सुम येथून उचलून रोमला नेलेला प्राचीन शिलास्तंभ २००५ साली इथिओपियास परत मिळाला. यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ इटलीतील मोंतोने या गावी २०२३ साली एक सूर्यघटिका उभारण्यात आली. माणगावला त्यांचा पुतळा पूर्वीपासून आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या वडिलांनी, काकांनी वा मामांनी १९४१ साली एरिट्रियात किंवा १९४४ साली इटलीत चाकरी केली असेल, आणि त्यांची पत्रे, पदके किंवा छायाचित्रे घरात असतील, तर त्यांनी ती हकीकत या पत्रिकेकडे मराठीत लिहून पाठवावी. आणि ज्यांच्या इमारतीत गोंदरची किंवा ट्रिपोलीची वृद्ध मंडळी राहत असतील त्यांनी त्यांना इटालियन अमदानीविषयी विचारावे. ती सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.